साल, बी आणि माती

सोलापुरातून पुण्याच्या रस्त्याला लागलं, की कोंडीच्या पुढे चिंचोळी एमआयडीसी लागते. मोटारींचे कॅमशाफ्ट बनवणाऱ्या प्रिसिजनचा कारखाना इथं आहे, अमाईन वर्गातली रसायनं करणाऱ्या बालाजी अमाईन्सचाही आहे. लोखंड किती तापवायचं, रसायनाची टाकी किती थंड ठेवायची, हा हिशेब इथं पाळीपाळीनं चालतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच वसाहतीसमोरून द्राक्षांचे क्रेट रचलेल्या गाड्या जातात, काही बाजाराला, काही बेदाण्याच्या शेडला. तापमान आणि द्राक्ष या दोन्ही गोष्टी आपल्या जिल्ह्याला चांगल्या कळतात. म्हणूनच जॉर्जियाची वाईन सोलापूरकराला समजावून सांगावी असं मला फार दिवस वाटत होतं.

जॉर्जिया हा कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला, काळ्या समुद्राकाठी वसलेला लहानसा देश. तिथं द्राक्षाचा रस मातीच्या मोठ्या रांजणात भरतात. रांजण तोंडापर्यंत जमिनीत पुरलेला असतो. पुढचे पाच-सहा महिने रस तिथंच राहतो, त्याला थंड करायला वीज नाही की गाळायला यंत्र नाही. रसाबरोबर सालं, बिया आणि पुष्कळदा देठसुद्धा आत जातात. द्राक्षं असतात हिरवी, पण वसंतात झाकण उघडल्यावर वर येणारी वाईन केशरी-तपकिरी रंगाची असते. जॉर्जियात तिला अंबर रंगाची वाईन म्हणतात. जगाच्या बाजारात रूढ झालेलं ‘ऑरेंज वाईन’ हे नाव ब्रिटनमधले वाईन व्यापारी डेव्हिड हार्वे यांनी २००४ मध्ये वापरात आणलं. संत्र्याचा तिच्याशी काही संबंध नाही.

नेहमीच्या व्हाईट वाईनमध्ये द्राक्षं चेपली, की रस लगेच सालांपासून वेगळा करतात आणि स्टीलच्या टाकीत थंड ठेवून आंबवतात. रेड वाईनला मात्र रंग आणि तुरटपणा सालातूनच मिळतो, म्हणून तिथं सालं रसात राहू देतात. ऑरेंज वाईन म्हणजे हिरव्या द्राक्षाला लाल द्राक्षाच्या पद्धतीनं वागवणं. वाईनचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या ओआयव्ही या संस्थेनं २०२० मध्ये या प्रकाराची अधिकृत व्याख्या केली आणि रस किमान एक महिना सालांसोबत राहिला पाहिजे अशी अट घातली. ही एका महिन्याची अट वाचकांनी लक्षात ठेवावी. सोलापूरच्या दृष्टीनं ती महत्त्वाची आहे.

त्या रांजणाला जॉर्जियन भाषेत क्वेव्री म्हणतात. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. जॉर्जियाच्या दक्षिण भागातल्या गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा या नवाश्मयुगीन वस्त्यांतल्या खापरांमध्ये त्यांना टार्टारिक आम्लाचे अंश मिळाले होते. हे आम्ल द्राक्षाची खूण मानलं जातं. खापरांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ६००० ते ५८०० वर्षांचा. म्हणजे आठ हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं द्राक्षाचा रस मातीच्या भांड्यात ठेवत होती. युनेस्कोनं २०१३ मध्ये क्वेव्रीतली वाईन करण्याची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. यादीत नाव आलं म्हणून एखादी कला जिवंत राहते असं मला वाटत नाही. ही टिकली ती त्याआधीच्या काळात, आणि कशी टिकली ते पुढे सांगतो.

आधी भांडं पाहू. मोठ्या क्वेव्रीत हजार-दोन हजार लिटर रस मावतो, काहींत त्याहूनही जास्त. एवढं भांडं चाकावर घडत नाही. कुंभार मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत जातो. थोडी उंची झाली की थांबतो, ती वाळू देतो, मग पुढची वळी. एक मोठी क्वेव्री उभी राहायला महिने जातात. नंतर भट्टीत लाकडाच्या आचेवर ती सुमारे आठवडाभर भाजतात, तापमान हजार अंशांच्या वर जातं. भांडं अजून गरम असतानाच आतून मधमाशांचं मेण फिरवतात, मातीची मोठी छिद्रं त्यानं बुजतात. काखेती भागातलं वार्दिसुबानी, इमेरेती भागातलं माकातुबानी अशा मोजक्या गावांतली मोजकी घराणी आज हे काम करतात. २०२१ मध्ये जॉर्जियानं क्वेव्रीला भौगोलिक मानांकन दिलं, जसं आपल्या सोलापुरी चादरीला आहे. मानांकन मिळाल्यावरही माग चालवणारे हात कमी होत जातात, हे आपण इथं पाहिलं आहे, त्यामुळे वार्दिसुबानीच्या कुंभारांची काळजी मला दुरून वाटते.

भांड्याचा आकार म्हणजे या पद्धतीतलं खरं शास्त्र. क्वेव्री वर रुंद आणि तळाशी निमुळती, अंड्यासारखी असते. हंगामात द्राक्षं लाकडी द्रोणीत पायांनी तुडवतात आणि रस, चोथा सगळं क्वेव्रीत जातं. यीस्ट वेगळं घालत नाहीत, द्राक्षाच्या सालावर आणि तळघरात जे असतं तेच कामाला लागतं. आंबणं सुरू झालं की कार्बन डायऑक्साइड सालांना वर ढकलतो आणि जाड थर तरंगू लागतो. तो दिवसातून तीन-चार वेळा दांड्यानं खाली दाबावा लागतो, नाहीतर वरचा थर वाळून आंबूस होतो. दोन-चार आठवड्यांत साखर संपते, वायू थांबतो, सालं खाली बसू लागतात. मग दगडाचं झाकण ठेवून ओल्या मातीनं तोंड लिंपतात.

पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. बिया जड असल्यानं आधी तळाच्या टोकाशी जातात. त्यांच्यावर यीस्टचा गाळ बसतो आणि वर सालांचा थर. बियांतला कडवटपणा गाळाखाली अडकतो, त्यामुळे वाईनमध्ये तो फार उतरत नाही. सालातलं टॅनिन प्रथिनांना धरून खाली बसवतं, म्हणून वाईन आपोआप नितळते. वाईन हवेनं बिघडू नये म्हणून एरवी सल्फर घालतात. टॅनिन तेही काम बऱ्याच अंशी करतं, त्यामुळे चांगला कारागीर सल्फर अगदी थोडं वापरतो किंवा वापरतच नाही. भांड्याभोवतीची जमीन तापमान तेरा ते पंधरा अंशांच्या आसपास धरून ठेवते. फिल्टर, चिलर आणि रसायन ही तीन कामं इथं एक आकार, एक खड्डा आणि द्राक्षाची साल वाटून घेतात. अडाणी काळाची उरलेली रीत म्हणून या पद्धतीकडे पाहणाऱ्यांनी ही वाटणी नीट पाहावी.

एक अट मात्र कठोर आहे: स्वच्छता. रिकामी क्वेव्री चेरीच्या सालीच्या कुंच्यानं, गरम पाण्यानं, चुन्यानं पुन्हा पुन्हा घासतात. मातीच्या छिद्रात मागच्या वर्षीचा एखादा जिवाणू राहिला, की सगळ्या भांड्याचं व्हिनेगर होतं. नैसर्गिक वाईन म्हणजे काही न करता होणारी वाईन, असा समज पसरला आहे. तो खोटा आहे. तिच्यात घालतात कमी, पण राबावं जास्त लागतं.

जमिनीत पुरून जपणं आपल्यालाही नवं नाही. ज्वारीचं पेव ज्यांनी पाहिलं आहे त्यांना क्वेव्रीचं तत्त्व समजावून सांगावं लागणार नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. खोल खड्डा, अरुंद तोंड, वरून माती लिंपून बंद. आत दाण्यांच्या श्वासानं प्राणवायू संपायचा, कार्बन डायऑक्साइड साचायचा, कीड मरायची आणि माल वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून पाहायचा, ही खबरदारी ठाऊक असलेली पिढी अजून आहे. आंबणाऱ्या क्वेव्रीच्या तळघरातही याच वायूची भीती असते. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि बरीचशी निकामी झाली. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवायला मातीची मोठी भांडी अर्धवट जमिनीत पुरण्याची जुनी रीत आहे. बोंडं पायांनी तुडवण्याचीही आहे. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फरक इतकाच, की गोव्यात आंबवलेला रस पुढे भाण नावाच्या भट्टीत ऊर्ध्वपातित होतो, जॉर्जियात तो तसाच पितात.

वाईनचे रांजण आपल्या भागात पूर्वी येऊनही गेले आहेत. सोलापूरच्या उत्तरेला, धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचं नाव आहे, आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाईनचाही उल्लेख आहे, त्यातली इटलीची वाईन जास्त पसंतीची. दख्खनच्या उत्खननांत मिळालेली परदेशी रांजणांची खापरं पूर्वी सरसकट रोमन समजली जात. रोबेर्टा टॉम्बर यांनी अलीकडे दाखवून दिलं, की त्यातली बरीचशी मेसोपोटेमियाकडची, आतून डांबर लावलेली आहेत. तिकडे डांबर, जॉर्जियात मेण. मातीची छिद्रं बुजवण्याचा प्रश्न सगळ्यांनाच होता.

आता द्राक्षाकडे. सोलापूरचं द्राक्ष म्हटलं की नान्नजचे नानासाहेब काळे यांचं नाव घ्यावंच लागतं. विद्यापीठाची पदवी किंवा प्रयोगशाळा जवळ नसताना, स्वतःच्या बागेत वेगळी दिसलेली काडी हेरून, वाढवून त्यांनी सोनाका दिली, शरद सीडलेस दिली. शरद सीडलेसचं मूळ रशियाकडून आलेल्या किशमिश चोर्नी या काळ्या जातीत आहे. तासगावकडची तास-ए-गणेश अशीच एका शेतकऱ्याच्या नजरेतून आली. महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचा हा इतिहास मला कुठल्याही वाईनच्या इतिहासाइतका थोर वाटतो.

पण या सगळ्या निवडीची दिशा एकच होती: मणी लांब, साल पातळ, बी नाही. खाणाऱ्याला तेच हवं होतं, निर्यातीला आणि बेदाण्यालाही तेच. जिबरेलिक आम्लात घड बुडवून मणी आणखी फुगवला जातो. गर वाढतो आणि त्याच्या मानानं साल कमी होत जाते. क्वेव्रीची वाईन मात्र सालावर आणि पिकलेल्या बीवर उभी असते. काखेतीचं र्कात्सितेली द्राक्ष लहान मण्याचं, आंबटपणा धरून ठेवणारं आणि बियांचं. आपण दोन पिढ्या कौशल्यानं जे काढून टाकलं, तेच जॉर्जियानं जपलं. थॉमसन जातीच्या द्राक्षांनी क्वेव्री भरली तर गोडसर, ढिली, लवकर बिघडणारी वाईन मिळेल. तेव्हा एखाद्या बागायतदारानं बाजारभाव पडला म्हणून उरलेल्या मालाची ऑरेंज वाईन करावी, हा विचार मुळातच टिकणारा नाही. तिच्यासाठी बाग वेगळी लावावी लागते.

ती आपल्या जिल्ह्यात लावलेली आहे. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली ही वाईनरी आहे. इटलीचे सेची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील यांनी मिळून ती उभी केली. टस्कनीचे पिएरो मासी तिचे वाईन घडवणारे. सांजोव्हेजे, कॅबर्ने, शार्दने, शेनिन ब्लांक अशा बियांच्या, लहान मण्यांच्या वेली उसाच्या या मुलखात आल्या आणि रुजल्या. साखर कारखान्यांच्या तालुक्यात जगाच्या टेबलावर जाणारी वाईन होते, हे पुष्कळ सोलापूरकरांना आजही ठाऊक नाही. तिथली पद्धत अर्थातच स्टीलच्या टाक्यांची आणि थंड पाण्याच्या जॅकेटांची आहे, आणि तसं असण्याला सबळ कारण आहे.

कारण आपली जमीन. जमिनीच्या काही मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास स्थिर राहतं आणि ते त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतं. काखेतीत ही सरासरी १२-१३ अंशांची, सोलापुरात २७ च्या आसपास. म्हणजे वार्दिसुबानीची क्वेव्री जशीच्या तशी चिंचोळीच्या माळावर पुरली, तर ती थंड तळघरात नाही, कोमट जमिनीत बसेल. त्या तापमानाला वाईनचा सुगंध उडतो आणि जिवाणूंना रान मोकळं मिळतं. भर म्हणून आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. पुरलेल्या भांड्याला ती पिळून फोडेल. पांढरीत किंवा मुरमात खड्डा घेऊन भोवती वाळू भरावी लागेल.

पंचांगही उलटं आहे. जॉर्जियात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात आणि पुढे हिवाळा येतो. वाईन आंबून शांत होईपर्यंत बाहेर बर्फ पडायला लागतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी आणि काढणी फेब्रुवारी-मार्चला. रस आंबू लागतो तेव्हा समोर होळी आणि मागोमाग बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा मे महिना. त्यामुळे सोलापुरी क्वेव्रीच्या गप्पा मारणाऱ्यानं आधी हे पंचांग सोडवून दाखवावं, असं माझं म्हणणं आहे.

जॉर्जियात ही कला टिकली कशी, ते आता सांगतो. सोव्हिएत काळात तिथल्या वाईनचा सरकारी कारखाना झाला. शेकडो जातींपैकी भरघोस पिकणाऱ्या दोन-चार उरल्या, टाक्या मोठ्या झाल्या, माल रशियाच्या बाजारात जाऊ लागला. १९८५ नंतर गोर्बाचेव्ह यांच्या मद्यविरोधी मोहिमेत बागाच्या बागा उपटल्या गेल्या. पण खेड्यात घराला लागून असलेल्या मरानीत, म्हणजे वाईनच्या तळघरात, कुटुंबं स्वतःपुरती वाईन क्वेव्रीत करत राहिली. ती विकायची नव्हती, त्यामुळे कुठल्या धोरणाच्या डोळ्यांवर आली नाही. लग्न, मयत, पाहुणा, प्रत्येक प्रसंगी ती लागायची.

मग २००६ मध्ये रशियानं जॉर्जियन वाईनच्या आयातीवर बंदी घातली. निर्यातीचा बहुतेक भाग एका फटक्यात गेला. स्वस्त गोडसर बाटल्यांना दुसरा बाजार मिळेना, पण घराघरांतल्या क्वेव्रीला मिळाला. तिच्याबद्दलची उत्सुकता आधीच जागी झालेली होती. इटलीच्या ओस्लाव्हिया गावचे योश्को ग्राव्नर २००० मध्ये काखेतीत गेले, तिथली वाईन प्यायले, आणि २००१ च्या हंगामापासून जॉर्जियाचे रांजण आपल्या तळघरात पुरून त्यांनी रिबोला द्राक्ष त्यात आंबवलं. बंदी २०१३ मध्ये उठली, तोपर्यंत लहान लहान घरांची नावं टोकियो आणि न्यूयॉर्कमधल्या उपाहारगृहांच्या वाईन-यादीत गेली होती. एकाच गिऱ्हाइकावर विसंबून असलेला माल आणि एकाच व्यापाऱ्याच्या दरावर विसंबून असलेली बाग, यांचं दुखणं एकच आहे, म्हणून हा इतिहास मला द्राक्ष उत्पादकांच्या मेळाव्यात सांगितला जावा असं वाटतं.

महाराष्ट्रात मात्र ‘स्वतःपुरती घरी करत राहिले’ हे वाक्य लिहिता येत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य करणं गुन्हा आहे. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानं वाईनरीला सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क आखले गेले, पण ही सगळी वाट कारखान्याची. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, त्यावर राज्यभर वादळ उठलं आणि तो अमलात आला नाही. विरोध करणाऱ्यांना मी मागासलेले म्हणणार नाही. हातभट्टीनं काय होतं ते या जिल्ह्यानं पाहिलं आहे. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या काळात २०२१ मध्ये ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतलं, ते हातभट्टीवर जगणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार देण्यासाठीच. मात्र शेतकऱ्याचं द्राक्ष, परवाना, तपासणी आणि मोजका प्याला ही एक गोष्ट, आणि नवसागराची भट्टी ही दुसरी. दोन्हींना एकाच मापानं मोजलं तर जे जपण्यासारखं आहे तेही घडणार नाही.

चवीबद्दल थोडं. पहिल्या घोटाला ही वाईन गोंधळात टाकते. वास मधाचा, सुक्या जर्दाळूचा, आणि जिभेवर गोडी अजिबात नाही, कोऱ्या चहाचा तुरटपणा. एकटी प्यायला ती कठीण, जेवणाबरोबर उलगडते. जॉर्जियन स्वयंपाकात अक्रोड, लसूण आणि मिरची कुटून केलेलं वाटण भाज्यांत, कोंबडीच्या रश्शात, सगळीकडे असतं. त्या तेलकट, खमंग वाटणाला तुरट वाईनच लागते. आपली शेंगाचटणी याच कुळातली आहे. उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी, कडक भाकरी आणि मटणाचा तिखट रस्सा यांच्यापुढे हलकी फुलांच्या वासाची व्हाईट वाईन हरवून जाते. सालांसोबत राहिलेली वाईन तिथं उभी राहील, याची मला खात्री आहे.

म्हणून पंचांगाच्या प्रश्नाकडे पुन्हा यावंसं वाटतं, कारण तो सुटण्यासारखा आहे. आगाप छाटणी आपल्याला नवी नाही. बागलाणात, इंदापुरात ती करतात. फळछाटणी ऑगस्टच्या शेवटी घेतली, तर वाईनचं द्राक्ष डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला तयार होईल. धोका आहे तो सप्टेंबरच्या पावसात डावणी रोगाचा, त्यासाठी बाग उतारावर, निचऱ्याच्या मुरमाड जमिनीत हवी, आणि तशा जमिनी माळशिरस, मोहोळ, उत्तर सोलापुरात भरपूर आहेत. जानेवारीत, सिद्धेश्वराची यात्रा भरते त्या दिवसांत, सोलापूरच्या रात्री पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतात. त्या यात्रेच्या अक्षता सोहळ्याची कथाच मुळी कुंभारकन्येची आहे, आणि शहरातल्या एका वेशीला आजही कुंभारांचं नाव आहे. मातीचं काम करणारे हात इथं शोधावे लागणार नाहीत, त्यांना मोठं भांडं भाजण्याची भट्टी आणि पहिली ऑर्डर द्यावी लागेल.

ओआयव्हीची अट एका महिन्याची आहे. जाड दगडी भिंतींच्या तळघरात, वाळूत बसवलेल्या भांड्यात शेनिन ब्लांक सालांसकट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरायचं, दिवसातून चार वेळा साल खाली दाबायची, आणि फेब्रुवारीच्या मध्याला, उन्हाची पहिली झळ लागायच्या आत, वाईन सालांवरून काढून थंड स्टीलच्या टाकीत उतरवायची. पाच-सहा महिने जमिनीत ठेवण्याची काखेतीची चैन आपल्याला परवडणार नाही. पाच-सहा आठवडे परवडतील. पहिल्या वर्षी दोनशे लिटरचं एकच भांडं पुरे, परवानाधारक वाईनरीच्या छपराखाली, शेजारी तोच रस स्टीलमध्ये आंबवून, दोन्हींचं तापमान आणि आम्लता रोज वहीत लिहून. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला हा प्रयोग अवघड नाही, अकलूजला तर नाहीच. छाटणीची तारीख मात्र आदल्या ऑगस्टातच ठरवावी लागेल.